पाणी येईपर्यंत साळवे मामा

आमच्या गल्लीत परवा नवे पाइप येऊन पडले. निळे, जाडजूड, रांगतं मूल आरामात आत शिरेल एवढे. आता नवी लाइन होणार, रोज पाणी येणार, असं सगळे सांगतात. हे आम्ही पूर्वीही ऐकलं आहे, त्यामुळे घरातले ड्रम अजून कुणी हलवलेले नाहीत. पण पाइप खरे आहेत, मी हात लावून पाहिले. आणि हात लावताना मला आधी आठवले ते साळवे मामा. रोज पाणी आलं तर आमच्या गल्लीतला पाण्याचा दिवस संपेल. आणि पाण्याचा दिवस नसता तर साळवे मामा म्हणजे समोरच्या घरातले एक निवृत्त गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख आम्हाला राहिली असती.

पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. मी शेंद्र्याला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिथं पुण्याहून नवे साहेब आले होते. मी रजा मागायला गेले आणि कारण म्हणून नुसतं ‘पाणी’ म्हटलं. साहेब काळजीने म्हणाले, “पाणी म्हणजे? घरात शिरलंय का?” मी म्हटलं, “नाही सर, नळ येणार आहे.” त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्यांच्या घरी नळ कधी येत-जात नसावा.

आमच्या इकडे तो यायचा आणि जायचा. दुष्काळाची वर्षं एकामागून एक आली, धरणाने तळ दाखवला, आणि त्याच वर्षांत शहर मात्र चहूकडे वाढत सुटलं. जिथं ज्वारी होती तिथं आमच्यासारख्यांची घरं झाली. मग पाणी आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा यायला लागलं. लाइनमन आदल्या दिवशी सायकल न थांबवता सांगून जायचा, “उद्या दुपारून!” दुपारून म्हणजे जेवणानंतर लगेच किंवा दिवेलागणीच्या जरा आधी, यातलं काहीही. त्यामुळे घरातल्या एकाने सकाळपासून नळाशी बसायचं. बाहेर जायचं नाही, झोपायचं नाही. पाणी आलं की हौद, टाकी, ड्रम, हंडे, कळशा, आणि जाता जाता कुकरचं भांडंसुद्धा. चुकलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बादली घेऊन जायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं.

अशी ही सक्तीची बैठक. सगळी गल्ली घरात, आणि कुणालाच काही काम सुचत नाही, कारण अर्धा कान नळाकडे. या वेळेचं काही करता येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते साळवे मामांच्या डोक्यात आलं.

मामा चितेगावजवळच्या एका वाडीचे. सगळी नोकरी त्यांनी आमच्या शहराच्या बसस्थानकावर काढली. गाड्या पुकारायचं काम. ‘कृपया लक्ष द्या. सिल्लोड, फर्दापूर मार्गे जळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर उभी आहे,’ हा आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांनी मामांना ऐकलेलं आहे. अंगाने काटक, उंच, सदा इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्या एवढ्याशा छातीतून असा भरघोस आवाज निघायचा, की पहिल्यांदा ऐकणारा मागे कोण बोललं म्हणून वळून बघायचा.

निवृत्त झाल्यावर कर्णा सुटला, पुकारणं सुटलं नाही. घरात भाजी आणली की दारातून ऐकू यायचं, “मेथी आलेली आहे. मेथी ओट्यावर लागलेली आहे.” आतून सुमनमामी म्हणायच्या, “कळलं, कळलं. मी काय बहिरी हाये का?” पाहुणा जायला निघाला की मामा त्याला दारापर्यंत सोडायचे आणि म्हणायचे, “प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी.” पाहुणा छत्री विसरलेला असायचाच.

एकदा मी त्यांना विचारलं, “मामा, एवढ्या गावांची नावं रोज घेतलीत, त्यातली बघितली किती?” ते हसले. “पैठण बगितलं. बाकी नावंच. लोकं गेली, मी फलाटावर.” हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही. त्यांना ते फलाटावर राहणंच आवडत असावं.

सुमनमामींचं तसं नव्हतं. मामी ठेंगण्या, ठसठशीत, बोलायला मिरचीसारख्या. त्यांच्या कंबरेने आयुष्यभर पाणी वाहिलं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीवरून, मग हापशावरून, मग टँकरवरून, आणि आता हौदातून वर. त्या उठताना भिंतीला हात लावायच्या आणि क्षणभर तिथंच थांबायच्या. त्यांचा मुलगा विलास पुण्याला. त्याने फ्लॅट घेतला होता आणि तिथं चोवीस तास पाणी होतं. मामी एकदा चार दिवस जाऊन आल्या आणि आल्यावर आमच्या ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं त्यात मुलगा नव्हता, सून नव्हती, फक्त नळ होता. “सोडला की येतंय बगा. बंद केला की बंद. परत सोडला, परत आलं. मी दोनदा उगंच सोडून बगितला.” त्यांना पुण्याला जायचं होतं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट, असं त्या म्हणायच्या, आणि मला ते खरं वाटायचं.

मामा ‘जाऊ की’ म्हणायचे आणि जायचे नाहीत.

वाचनाची सुरुवात झाली ती विलासने जुना मोबाइल पाठवला तेव्हा. आमच्या गल्लीच्या टोकाला शबानाभाभी राहतात, त्या व्हिडिओ बघून बघून शिवणकाम शिकलेल्या, त्यामुळे मोबाइलची कसलीही अडचण आली की गल्ली त्यांच्याकडे जाते. त्यांनी मामांना एक जागा उघडून दिली, जिथं जुनी मराठी पुस्तकं पानंच्या पानं स्कॅन करून ठेवलेली होती. मामांनी डोळे बारीक करून वाचलं, ‘मोफत’. आणि मोबाइल खाली ठेवला.

“तिकीट कुठं काढायचं?”

“मामा, तिकीट नै इसको. फुकट है.”

“फुकट कसं राहील? कुणीतरी लिहिलंय ना ते?”

भाभींनी सांगितलं, लिहिणाऱ्याला जाऊन फार वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं होतं. मामांना ते पटेना. उभ्या आयुष्यात त्यांना विनातिकीट बसणारा माणूस खपला नव्हता, आणि आता स्वतःच बसायचं? दोन दिवस त्यांनी मोबाइलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आले, चेहरा उजळलेला. माझ्या सासूबाईंना म्हणाले, “पास हाये तो, वैनी. शाळेच्या लेकरांला असतो, म्हाताऱ्यांला असतो, तसा. सरकारनं सगळ्यांला वाचायचा पास दिलाय म्हंजे.” सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, पण त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई.”

मग मामा वाचायला बसले ते उठेचनात. एकदा मला म्हणाले, “माझ्या बापाला चावडीवरचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा, वैशू. तो वाचणारा मनाला येईल तेवढंच सांगायचा. आन् इथं सगळं कपाट उघडं पडलंय, कुणी ‘काय पायजे’ म्हणून विचारत बी नाय.” त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी ते ओट्यावर मोबाइल घेऊन बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. त्यांच्या घरापासून तीन-चार घरं ऐकू शकत होती. पलीकडच्या घरांनी तक्रार केली. गोंगाटाची नाही, ऐकू येत नाही याची. पण कुणाला नळ सोडून ओट्यावर येता येईना. तेव्हा शबानाभाभींनी सगळ्या गल्लीचा मोबाइलवर ग्रुप केला, एकाच कॉलवर सगळी घरं जोडली, मामांनी आपल्या घरातून वाचायचं आणि ज्याने त्याने आपल्या नळाशी बसून ऐकायचं. मामा पहिल्यांदा मोबाइलसमोर बसले, घसा साफ केला, आणि म्हणाले, “कृपया लक्ष द्या.” गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरातून तोच आवाज एकदम आला. आमच्या सासूबाई पदर सावरून ताठ बसल्या.

वाचायला घेतलं होतं एक जुनं, भाषांतर केलेलं पुस्तक. पहिलं पान नीट स्कॅन झालं नव्हतं, त्यामुळे नाव अर्धवट आणि लिहिणाऱ्याचं तर काहीच कळत नव्हतं. गोष्ट एका खलाशाची होती. तो जहाजावर जातो, जहाज भरकटतं, आणि बायको बंदरावर वाट बघत राहते. आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेलं माणूस कुणी नव्हतं. पण वाट बघण्याचा अनुभव सगळ्यांना होता.

त्या पुस्तकात एक वादळ येतं. मामांनी ते वाचायच्या आधी सराव केला असावा, कारण त्या दिवशी ते नुसतं वाचेनात, त्यांनी वारा काढून दाखवला. मोबाइलजवळ तोंड नेऊन आधी बारीक सूंऽऽ, मग फुर्र, मग परत सूंऽऽ. आता आमच्या नळाला पाणी यायच्या आधी त्यातून हवा निघते, ती नेमकी अशीच. आधी बारीक सूं, मग फुर्र, दोन शिंका, आणि मग पाणी. मामांनी सूं केलं मात्र, गल्लीतल्या प्रत्येक घरात माणसं उठली. पाइप जोडले गेले, हंडे वाजले, कुणी गच्चीवर धावलं. आमच्या सासूबाईंनी ड्रममधलं जुनं पाणी झाडांना ओतून दिलं, ताजं भरायचं म्हणून. मोबाइलमधून मामा ओरडत होते, “शिडं फाटली! शिडं फाटली!” आणि ऐकायला कुणीही नव्हतं. शेजारच्यांची मोटर कोरडी फिरून फिरून जळाल्याचा वास आला तेव्हा सगळे शुद्धीवर आले.

खरं पाणी सायंकाळी आलं. तोवर मामांनी प्रत्येक घरी फोन करून दिलगिरी पुकारली. “तांत्रिक कारणामुळं झालेल्या गैरसोयीबद्दल,” अशी. मोटरवाल्यांच्या घरी स्वतः जाऊन बसले आणि मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत त्यांचं पाणी स्वतःच्या हौदातून दिलं. त्यानंतर पुस्तकात वारा सुटला की मामा वाचन थांबवून सांगायचे, “इथं वारा हाये. ज्यानं त्यानं आपापल्या घरी मनात काढावा.”

पण खरी गल्ली जागी झाली ती जहाजावरचं गोडं पाणी संपत आलं तेव्हा. चहूकडे समुद्र आणि पिंपात थोडंसं पाणी. कप्तान माणशी एक पेला द्यायला लागतो. मी खात्रीने सांगते, ते प्रकरण आमच्या गल्लीसारखं जगात कुणीही वाचलेलं नसेल. मामांना दोन ओळींच्या पुढे जाता येईना. पहिल्यांदा आमच्या सासूबाई, ज्या फोनवर कधी ‘हॅलो’च्या पुढे जात नाहीत, त्या बोलल्या. “पिंपावर झाकण हाये का नाय? उघडं ठिवलं तर निम्मं उडून जातंय.” मग एकीने विचारलं, भांडी कशाने घासतात. शबानाभाभी म्हणाल्या, “वो कप्तान को अक्कल नै. पीने का अलग, पकाने का अलग पहले दिन सेच रखना था ना.” कुणीतरी म्हणालं, माणशी पेला देण्यापेक्षा घराप्रमाणे कळशी द्यावी, भांडणं कमी होतात. मामा मध्येच म्हणायचे, “पुढचं वाचू का?” तर सगळे म्हणायचे, “थांबा हो!” त्या दिवशी नळ आला तेव्हा मला पहिल्यांदाच त्याचा राग आला.

मग ती घरबंदी आली. सगळं जग घरी बसलं आणि कसं बसायचं हे त्याला कळेना. आमच्या गल्लीला ते आधीच येत होतं. आता रोजच पाण्याचा दिवस, फक्त पाणी नाही, असं मामा म्हणायचे. पोरांच्या शाळा बंद. मामांनी शोधून शोधून मुलांनी घरी करायच्या फुकट कृती काढल्या. कागदाचे प्राणी, खोक्यांची घरं, कोडी. खोक्यांच्या घरांना बाजूला ठेवून त्यांनी सगळ्यांकडून खोक्यांच्या गाड्या करून घेतल्या आणि प्रत्येक गाडीवर गावाची पाटी लावायला लावली. एक दिवस कृती निघाली: ‘टब काठोकाठ पाण्याने भरा. त्यात कोणत्या वस्तू तरंगतात आणि कोणत्या बुडतात ते पाहा.’ मामांनी सवयीने मोठ्याने वाचलं. काठोकाठ! आमच्या घरात सासूबाईंनी माझ्या मुलीकडे, छोटीकडे, अशा नजरेने बघितलं, की ती टबापासून लांब जाऊन बसली. मामा त्याच आवाजात म्हणाले, “टब भरलेला आहे, असं समजावं. आता त्यात लिंबू टाकलं, असं समजावं.” पोरांनी सगळा प्रयोग समजून समजून केला. लिंबू तरंगलं की बुडालं यावर तासभर वाद झाला, आणि तो मिटवायला कुणीही पाणी काढलं नाही.

या सगळ्यात मामींचं पुणं मागे पडत गेलं. विलास दर आठवड्याला फोन करायचा. घरबंदी उठली, गाड्या सुरू झाल्या, मामींनी बॅग भरून पलंगाखाली ठेवली. मामांचं उत्तर ठरलेलं. “हातातलं पुस्तक संपू दे. गल्लीला अर्ध्या रस्त्यात उतरवून जाऊ का?” पुस्तक संपलं की जायचं, हा दोघांत झालेला करार सगळ्या गल्लीला माहीत झाला. आणि पुस्तक काही संपेना.

आधी मामांनी वेग कमी केला. मग ‘मागील भागात काय झालं’ हे सांगायला सुरुवात केली आणि मागील भाग पुढच्या भागापेक्षा लांबायला लागला. पुढे तर जहाज नवनव्या बेटांना लागायला लागलं. एका बेटावर खलाशी उतरतो तर तिथं बाजार भरलेला, गुऱ्हाळ, भज्यांचा घाणा. दुसऱ्या बेटावर त्याला भर उन्हात एक म्हातारा मेंढका भेटतो, आपल्या घोंगडीवर बसवतो आणि ज्वारीची भाकर, वर लसणाची चटणी देतो. तिसऱ्या बेटावर रसवंती होती, घुंगरासकट. मला शंका आली. सासूबाईंना आली नाही. त्यांना ते मेंढक्याचं बेट फार आवडलं. त्यांचं माहेर मेंढ्या राखणाऱ्यांचं, त्या म्हणाल्या, “माणुसकी सगळीकडं सारखीच बगा. तिकडं समुद्रात बी घोंगडी टाकतेत.”

शंका मामींनाही आली होती. त्या शबानाभाभींकडे गेल्या आणि तेच पुस्तक आपल्या मोबाइलवर उतरवून घेतलं. मामी सातवीपर्यंत शिकलेल्या. मामा दुपारी आडवे झाले की त्या मोरीच्या पायरीवर बसून, बोट ठेवून, एक एक ओळ वाचत होत्या. हे नंतर कळलं.

पुढचा पाण्याचा दिवस आला. मामा बसले, घसा साफ केला. तेवढ्यात ग्रुपवर दुसराच आवाज आला.

“किरपया लक्ष द्या,” मामी म्हणाल्या. त्या त्याच घरातून, दुसऱ्या खोलीतून बोलत होत्या. “ते जहाज पोचलं. बंदराला लागलं. बायको तिथंच उभी व्हती, म्हातारी झाली व्हती, पण व्हती. तो उतरला आन् ती त्याला म्हनली, लई उशीर केलास. संपलं पुस्तक. आन् त्यात रसवंती नाय. गुऱ्हाळ नाय. मेंढका बी नाय. मी सगळं वाचलंय, फुकटच हाये ते सगळ्यांला.”

मामांच्या मोबाइलवर त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“तिची कंबर धरली व्हती का नाय, ते काय लिवलं नाय,” मामी पुढे म्हणाल्या. “माझी धरलीय.”

हे ऐकल्यावर मला रडू आलं, आणि मी एकटीच नव्हते. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, “मेंढका नव्हता व्हय? मंग तो कुठून आला?” आणि मामा म्हणाले, “तो चितेगावच्या फाट्यावरचा, वैनी.” शबानाभाभी हसायला लागल्या, मग सगळीच गल्ली हसली, आणि शेवटी मामाही हसले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “कृपया लक्ष द्या. पुण्याला जाणारी गाडी आयतवारी सुटंल.” तेवढ्यात नळाने सूं केलं, खरंच केलं, आणि आम्ही सगळे उठलो.

आयतवारी विलास गाडी घेऊन आला. मामी पुढच्या सीटवर आधीच बसलेल्या, मांडीवर डबा. सगळी गल्ली ओट्याओट्यावर. मामा प्रत्येकाला ‘जय भीम’ करत, शबानाभाभींच्या डोक्यावर हात ठेवून, गाडीच्या दाराशी येऊन थांबले. आम्हाला वाटलं, आता पुकारतील. त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि आवाज फुटलाच नाही. नुसता हात हलवून ते आत बसले. गाडी वळणावर गेल्यावर सासूबाई नाक पुसत म्हणाल्या, “जल्मभर लोकांच्या गाड्या पुकारल्या, सवताची पुकाराया जमंना.”

आम्हाला वाटलं होतं, संपलं. पण पुढच्या वेळी लाइनमन ‘उद्या दुपारून’ सांगून गेला आणि संध्याकाळी मामांचा फोन. “लाइनमन आला व्हता का?” त्यांना कसं कळलं ते देव जाणे, बहुधा आमच्याइतकेच दिवस तेही मोजत असावेत. दुसऱ्या दिवशी ते पुण्याहून ग्रुपवर आले, आणि आता त्यांचा चेहराही दिसत होता. मागे पांढरं स्वच्छ स्वयंपाकघर, खिडकीत कुंडी. पुस्तक कोणतं घ्यायचं असं त्यांनी विचारलं. शबानाभाभी म्हणाल्या, “मामा, किताब रैने दो. वो रसवंतीवाला बेट सुनाव.” मामांनी एकदा मागे वळून बघितलं, मामींची परवानगी घेत असावेत. मग सुरुवात केली. त्या दिवसापासून ते कुठल्याच पुस्तकात नसलेले थांबे घ्यायला लागले. चितेगाव, बिडकीन, आणि मग त्यांनी नुसतीच पुकारलेली सगळी गावं. जहाज त्या सगळ्या गावांना लागलं.

माझ्या मनात मामा राहिले आहेत ते पुण्याहून वाचलेल्या त्या पहिल्या दुपारचे. गोष्ट रंगात आली होती आणि आमच्याकडे कुणीतरी ओरडलं, “पाणी आलं! मामा, पाणी आलं!” मामा लगेच म्हणाले, “वाचन इथं थांबतंय. प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी.” सगळे उठले. मी पाइप जोडून, हौदात सोडून परत आले तर मोबाइल चालूच होता. फोन बंद करायचं मामांच्या लक्षात राहिलं नव्हतं. खुर्ची रिकामी होती. तिच्यामागे स्वयंपाकघर दिसत होतं, आणि त्यात मामा ओट्याशी उभे. त्यांनी नळाखाली एक पातेलं ठेवलं होतं आणि नळ सोडला होता. ते भरलं. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि दुसरं लावलं.

मामींचा आवाज आला, “अहो, हे काय करायलेत? इथं कायम असतंय की.”

“असू दे,” मामा म्हणाले. “त्यांच्याकडं आलंय ना.”

भिंतीला हात न लावता मामी उठल्या, मांडणीवरचा हंडा काढला आणि मामांच्या हातात दिला.